घाणेरी काढायला ४० स्वयंसेवक आहेत आणि रविवार एकच. आराखडा कसा करावा?

रानवाट

नमस्कार. एका संरक्षित क्षेत्राच्या हद्दीलगत साधारण दोन हेक्टरचा पट्टा आहे. त्यात घाणेरी (काही जण टणटणी म्हणतात), म्हणजे लँटाना हे बाहेरून आलेलं काटेरी झुडूप, माजली आहे. काही ठिकाणी ती इतकी दाट आहे की माणूस आत शिरत नाही, तर कडेला सुटी सुटी झुडपं आहेत. व्यवस्थापनाने स्वयंसेवकांना तत्त्वतः होकार दिला आहे, पण लेखी आराखडा मागितला आहे. ४० जण तयार आहेत, पण सगळ्यांना जमेल असा रविवार एकच आहे.

प्रश्न असे: कापायची की उपटायची? पावसाआधी की नंतर? काढलेल्या झुडपांचं काय करायचं? आणि जागा मोकळी झाली की लगेच रोपं लावावीत का? काही जण म्हणतात सरळ जेसीबी लावा, दोन दिवसांत काम संपेल.

मूळखोड

आधी हिशोब करा. दोन हेक्टर म्हणजे २०,००० चौरस मीटर, म्हणजेच १० बाय १० मीटरचे २०० चौकोन. ४० जणांच्या २० जोड्या धरल्या तर प्रत्येक जोडीच्या वाट्याला १० चौकोन येतात. दाट घाणेरीत हे एका दिवसात होत नाही. आराखड्यात 'दोन हेक्टर मुक्त करू' असं लिहू नका. आधी चार जणांनी जाऊन एक दाट आणि एक विरळ असे दोन चौकोन घड्याळ लावून साफ करा. जो वेळ लागेल त्यावरून बाकीचं ठरवा.

आता पद्धत. नुसती कापली तर वाया. बुंध्याशी, जिथे सगळ्या फांद्या एकत्र येऊन मुळाला मिळतात, तिथे एक फुगीर गाठ असते. सुप्त डोळे तिथेच असतात. गाठीच्या वर कोयता चालवला की काही आठवड्यांत त्याच बुंध्यातून पहिल्यापेक्षा जास्त फुटवे येतात. उलट पूर्ण मूळ खणून काढायला गेलात तर माती उलथते, खाली पडून राहिलेलं बी वर येतं आणि पुढच्या पावसात तिथे रोपांची गादी उगवते.

या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे गाठीच्या खाली सोटमूळ तोडणं. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली, आणि २००९ मध्ये ती शोधनिबंधातून मांडली. मातीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर अरुंद पात्याच्या कुदळीने दोन-तीन घाव घालून मूळ तोडायचं आणि झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे. जमिनीत उरलेल्या तुकड्यावर डोळे नसतात, म्हणून तो फुटत नाही. माती हलते ती हातभरच.

प्रत्यक्षात जोडीने काम करा. एकाने लांब दांड्याच्या लॉपरने (फांद्या छाटायच्या कात्रीने) किंवा कोयत्याने बाहेरच्या फांद्या छाटून बुंध्यापर्यंत वाट करायची आणि काठीने झुडूप एका बाजूला दाबून धरायचं. दुसऱ्याने समोरच्या बाजूने घाव घालायचा. रुंद फावडं इथे कुचकामी आहे. ते गाठीवरच आपटतं आणि ती दुभंगून अर्धी जमिनीत राहते.

काम बरोबर झालं की नाही हे उचललेलं झुडूप उलटं केल्यावर कळतं. फुगीर गाठ अख्खी दिसली आणि तिच्याखाली मुळाचा एक स्वच्छ तुटलेला दांडा दिसला तर झालं. चार-पाच मोडकी खोडंच हातात आली आणि गाठ दिसलीच नाही, तर ती जमिनीत आहे. तिथेच थांबा, खणा आणि काढा. हे त्या क्षणी केलं नाही तर नंतर ती जागा सापडत नाही.

आणखी एक गोष्ट सगळे विसरतात. ओल्या मातीला टेकलेल्या फांद्यांनाही मुळं फुटतात. मुख्य बुंधा काढला तरी दीड मीटरवर त्याचं पिल्लू वेगळं जगत असतं. प्रत्येक लोळलेली फांदी टोकापर्यंत ओढून बघा.

वेळेबद्दल: ऐन उन्हाळ्यात माती दगड होते, घाव वरच सरकतो आणि गाठ राहून जाते. भर पावसात उलटी ठेवलेली झुडपंही ओल्या जमिनीला टेकली की पुन्हा रुजतात. पाऊस ओसरत आलाय पण माती अजून मऊ आहे आणि फळं हिरवीच आहेत, असा आठवडा गाठा. मोठं झुडूप वर्षाला १२,०००पर्यंत फळं देऊ शकतं. ती काळी पडून पक्ष्यांच्या पोटात गेल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

पाणवठा

मूळखोड यांच्या पद्धतीला पूर्ण अनुमोदन. पण सुरुवात कुठून करायची हे त्याहून महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तिथेच स्वयंसेवकांचे गट चुकतात. सगळ्यांना सगळ्यात दाट जाळीवर तुटून पडायचं असतं, कारण फोटो तिथला चांगला येतो!

ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात तणं काढण्याची एक शिस्त घालून दिली. सगळ्यात चांगल्या भागापासून सुरू करा आणि वाईट भागाकडे सरका. माती कमीत कमी हलवा. स्थानिक झाडोरा जितक्या वेगाने परत येईल तितक्याच वेगाने पुढे जा. त्यामागचं कारण सरळ आहे. चांगल्या भागात गवताचं आणि झुडपांचं बी, कंद, जिवंत मुळं शाबूत असतात. घाणेरीची दहा सुटी झुडपं काढली की ती जागा स्वतःच भरून निघते. दाट जाळीखाली मात्र बहुधा उघडी माती असते. तिथे ऊन पोचलं की पहिली येते ती पुन्हा घाणेरी, नाहीतर गाजरगवत, नाहीतर रानमोडी. एक तण काढून दुसऱ्याला जागा करून दिल्यासारखं होतं.

म्हणून तुमच्या दोन हेक्टरांत आधी कडेची सुटी झुडपं आणि चांगल्या गवतात शिरलेली बेटं काढा. दाट जाळी पहिल्या वर्षी फक्त कडेने मागे रेटा. आत पाखरं, ससे, साळिंदर आसऱ्याला असतात. एका दिवसात सगळं उघडं केलं तर त्यांनी जायचं कुठे? ओढ्याचा काठ आणि तीव्र उतार तर सलग कधीच साफ करू नका. उतारावर आडवे पट्टे घ्या, एक साफ करायचा आणि एक ठेवायचा. साफ केलेल्या पट्ट्यात गवत धरलं की मगच ठेवलेला पट्टा काढायचा.

रानवाट

दोघांचेही आभार. म्हणजे जेसीबी बाद. मग ४० जणांना काय काम द्यायचं? आणि रोपांचं?

गवतकाडी

जेसीबी बाद असण्याचं कारण आराखड्यात लिहाच, कारण तो प्रश्न पुन्हा येणार. यंत्र गाठीचे तुकडे करतं आणि ते मातीत मिसळतं. बी वर आणतं. चाकांखाली माती दडपली जाते, त्यात गवत नीट धरत नाही. शिवाय घाणेरीखाली दबून जगलेली स्थानिक रोपं यंत्राला वेगळी दिसत नाहीत. जाळणं तर नकोच. वरचं जळतं, बुंधा पुन्हा फुटतो.

४० जणांचं म्हणाल तर एकाच दिवशी ४० कुदळी चालवू नका. १२ ते १४ जण जोड्यांनी काढणीवर ठेवा. दोन जोड्यांत किमान पाच मीटर अंतर हवं. आठ-दहा जण उचलून रचण्याच्या कामावर. चार जणांची एक तुकडी सगळ्यांच्या पुढे चालेल आणि घरटी, मधमाश्यांची पोळी, बिळं आणि जपायची रोपं शोधून रंगीत फीत बांधेल. घरटं सापडलं की त्या झुडपाला हात लावायचा नाही आणि भोवतालचीही तशीच सोडायची. चार जण काढून झालेल्या भागात मागून तपासणी करतील, गाठी राहिल्या का बघतील. एक जण कानस घेऊन बसेल, कारण बोथट पातं मूळ तोडत नाही, चेचतं. दोघं नोंदींवर, दोघं प्रथमोपचार आणि पाण्यावर.

उरलेल्यांना त्या दिवशी बोलावूच नका, त्यांची नावं पुढच्या फेऱ्यांसाठी लिहून घ्या. घाणेरी पहिल्या दिवशी जात नाही, ती पाठपुराव्यात जाते. पुढचा पाऊस सुरू झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पहिली फेरी. तेव्हा रोपं १०-१५ सेंटिमीटरची असतात आणि ओल्या मातीतून दोन बोटांनी मुळासकट निघतात. पाऊस संपताना दुसरी. अशी निदान तीन वर्षं. पहिल्यांदा बघायचं ते फांद्या पसरलेल्या झाडांखाली, कारण बुलबुल, साळुंक्या तिथे बसतात आणि बी तिथेच पडतं. रोप ओळखायला समोरासमोरची दातेरी खरखरीत पानं, चौकोनी खोड आणि पान चुरगळल्यावर येणारा तो उग्र वास. तिन्ही खुणा जुळल्या तरच उपटा. हौशी हातांनी सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. स्थानिक रोपंही तणाबरोबर जातात.

या फेऱ्यांना माणसं मिळणार नसतील तर यंदा अर्धा हेक्टरच घ्या.

वृक्षारोपणाची घाई नको. तो पट्टा मुळात गवताळ असेल तर तिथे झाडं लावणं म्हणजे दुसरी चूक. आधी एक पावसाळा थांबून आपसूक काय येतं ते बघा. काहीच आलं नाही तर जवळच्याच, त्याच प्रकारच्या जमिनीवरून जमवलेलं गवताचं बी टाका, तेही परवानगीने. मारवेल, कुसळी अशी बहुवर्षायू गवतं माती धरतात. कुसळीचं बी कोरडं असतानाच पसरायचं. तिचं कूस ओल लागली की पीळ सोडतं आणि बी स्वतःच मातीत घुसतं. वर मातीचा जाड थर टाकू नका. आणि हे सगळं गुरांना बंदी असेल तरच. घाणेरी गुरं सहसा खात नाहीत, कोवळं गवत मात्र आधी संपवतात.

प्रथमोपचार

सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

कातडी हातमोजे हवेत, विणलेल्या कापडी मोज्यातून काटे आरपार जातात. पूर्ण बाह्या, घोट्यावर येणारे बूट, डोळ्यांवर चष्मा. दाबून धरलेली फांदी सुटली की ती थेट चेहऱ्यावर येते, त्यामुळे डोळ्यांची इजा या कामात सहज होते. गाजरगवत असेल तर अंगावर पुरळ आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. ज्यांना दमा आहे त्यांना नोंदींच्या कामावर ठेवा.

जाळीत हात घालण्याआधी काठीने हलवा आणि अर्धा मिनिट थांबा. रानडुक्कर किंवा अस्वल आत झोपलेलं असू शकतं, म्हणून स्थानिक वनरक्षक बरोबर असल्याशिवाय दाट जाळीला भिडायचंच नाही. सर्पदंश झाला तर अंगठ्या-घड्याळ काढा, हातापायाला फळी बांधून तो हलू देऊ नका आणि वेळ लिहून घ्या. चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. प्रतिविष असलेलं सर्वात जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो हे आदल्या आठवड्यात खात्री करून आराखड्यात लिहा. अत्तर लावून कुणी येऊ नये. मधमाश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून दूर पळायचं. माणशी तीन लिटर पाणी, आणि सकाळी ११ नंतर कुदळ बंद.

कोयता

किडे सोडून घाणेरी आटोक्यात येत नाही का? आणि काढलेल्या काड्यांचं फर्निचर होतं म्हणे. ते गटाला करता येईल?

मूळखोड

किडे सोडायला हवाईत १९०२ मध्येच सुरुवात झाली. त्यानंतर वेगवेगळ्या देशांत चाळीसेक जाती सोडून झाल्या. काही ठिकाणी जोर कमी झाला, पण घाणेरी संपली असं झालं नाही. तिचे प्रकार अनेक आहेत आणि एका प्रकारावर जगणारा किडा दुसऱ्यावर टिकत नाही. शिवाय हे स्वयंसेवकांचं कामच नाही. बुंध्यावर तणनाशक लावण्याचंही तेच.

फर्निचर होतं, वेतासारखं, आणि छान होतं. पण संरक्षित क्षेत्रातून काडीही बाहेर न्यायला वेगळी लेखी परवानगी लागते. परवानगी असली तरी फळं लागलेल्या फांद्या नेल्या तर वाटभर बी सांडेल. नाहीतर तिथेच रचा: खडकावर किंवा उघड्या जागी, मुळं वर, जाळरेषेपासून (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यापासून) आणि झाडांच्या बुंध्यांपासून लांब. छोटे ढीग करा. मोठा ढीग म्हणजे वणव्याला सरपण. पिकलेली फळं असतील तर आधी ताडपत्रीवर झटकून घ्या आणि बंद पोत्यात ठेवा. त्या पोत्याचं पुढे काय करायचं ते व्यवस्थापनाला विचारा. निघताना बुटांचे तळ आणि अवजारं ब्रशने साफ करा, नाहीतर याच पट्ट्यातलं गाजरगवत पुढच्या जंगलात तुम्हीच पोचवाल.

पाणवठा

नोंदींसाठी साधी रचना पुरते. साफ केलेल्या भागात कुठेही नजरेने न निवडता दहा ठिकाणी १ बाय १ मीटरच्या चौकटी ठरवा आणि कोपऱ्यात खुंटी ठोका. प्रत्येक फेरीत त्यात घाणेरीची रोपं किती, फुटवे किती आणि गवताने किती टक्के जमीन झाकली एवढंच लिहा. तशाच जमिनीवर हात न लावलेल्या भागात पाच चौकटी ठेवा. त्याशिवाय फरक तुमच्या कामाचा की चांगल्या पावसाचा, हे सांगता येत नाही. फोटो त्याच खुंटीवरून, दीड मीटर उंचीवरून, त्याच दिशेला आणि दरवर्षी त्याच महिन्यात घ्या. फोटोच्या चौकटीत उंची कळावी म्हणून अर्ध्या अर्ध्या मीटरवर पट्टे रंगवलेली काठी उभी करा.

आराखड्यात या चौकटींचा नकाशा जोडा आणि तीन वर्षांच्या फेऱ्यांच्या तारखा आत्ताच टाका. व्यवस्थापन सहसा तेच पान आधी उघडतं.