पॉप आणि रिमूव्ह : दोन्हींना ‘काढणे’ कसं चालेल?

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या लिस्टविषयी (म्हणजे यादीविषयी) नवशिक्यांसाठी मराठीत लिहिते आहे. पॉप आणि रिमूव्ह या यादीवर चालवायच्या आज्ञा, म्हणजे मेथड; दोन्हींपुढे मी ‘यादीतून घटक काढते’ असं लिहिलं होतं. कच्चा मजकूर वाचणाऱ्या मुलीनं विचारलं, ‘मग दोन मेथड कशाला?’ खरंच आहे. [५, ८, ५] या यादीवर रिमूव्ह(५) चालवलं तर पहिला ५ जातो, [८, ५] उरते, हाती काही येत नाही. पॉप() चालवलं तर शेवटचा ५ यादीतून जातो आणि तोच आपल्याला मिळतो. शिवाय पॉप(१) मधला १ हा निर्देशांक (घटकाच्या जागेचा ० पासून मोजलेला क्रमांक), रिमूव्ह(१) मधला १ हे मूल्य. रिमूव्हला ‘वगळणे’ म्हणावं का?

— ‘वगळणे’ नको. वगळलेली गोष्ट हिशेबात धरत नाहीत एवढंच, ती मूळ जागी असूही शकते. इथे यादीच बदलते. आणि हा फरक दाखवायला आपली जोडक्रियापदं आहेत की! ‘काढून टाकते’ म्हटलं की गेलं ते गेलं. ‘काढून देते’ म्हटलं की ते कुणाच्या तरी हातात पडलं. पॉपचं सगळं काम त्या ‘देते’मध्ये आहे.

— याच चालीवर सॉर्टसाठी ‘जागच्या जागी क्रम लावते’ लिहा. सॉर्टेड मात्र ‘क्रम लावलेली नवी यादी देते’. ‘देते’ कुठे लिहायचं आणि कुठे नाही हे पाळलंत, तर ‘यादी = यादी.सॉर्ट()’ लिहून यादीऐवजी नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) हाती आलेल्या मुलांना चूक कुठे झाली ते कळेल. पॉपवरून आठवलं : स्टॅक या माहिती साठवायच्या रचनेला काही जण ‘ढीग’ म्हणतात, ते मला पटत नाही. ढिगातून काहीही, कुठूनही ओढता येतं. ‘चळत’ म्हणा. चळतीत शेवटी ठेवलेलं सगळ्यात वर असतं आणि तेच आधी उचलायचं असतं. ‘ढीग’ हीप या दुसऱ्या रचनेसाठी राखून ठेवा, तो शब्द पुढे लागेलच.

— चळत! इतका नेहमीचा शब्द सुचला कसा नाही? आता असं लिहिलंय :

रिमूव्ह : दिलेल्या मूल्याचा पहिला घटक काढून टाकते. तसा घटक नसेल तर व्हॅल्यूएरर (मूल्याबाबतची चूक दाखवणारा संदेश) येतो.
पॉप : दिलेल्या निर्देशांकावरचा घटक यादीतून काढून देते. निर्देशांक दिला नाही तर शेवटचा.