कोरियात राहणाऱ्यांनो, तिथं बोलायला-लिहायला खरंच भीती असते का?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. येत्या मार्चपासून डेजॉनला पीएचडीसाठी निघालेय, ॲडमिशन झालंय, व्हिसाची कागदपत्रं चालू आहेत. घरात मात्र मी कॉलेजला नाही तर थेट सीमेवर चाललेय असं वातावरण आहे. आईला उत्तरेकडच्या क्षेपणास्त्रांची काळजी, बाबांचं 2024 मधला मार्शल लॉ टीव्हीवर बघितल्यापासून वेगळंच सुरू. माझं टेन्शन तिसरंच आहे. मला फेसबुकवर राजकारणावर हात सैल सोडून लिहायची खोड आहे आणि एक सिनियर म्हणाला की तिकडं साइट ब्लॉक असतात, उत्तर कोरियाचं काही शेअर केलं तर केस होते आणि खरं लिहिलं तरी अब्रुनुकसानीचा गुन्हा लागतो. हे शेवटचं काही पटत नाहीये, खरं असेल तर गुन्हा कसला? तिथं राहिलेल्यांनी सांगा प्लीज, यूट्यूबवाल्यांचं ऐकून झालंय.

सुवनकर_जुना

आधी अभिनंदन. मी सुवनला 11 वर्षं आहे, त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

साइट ब्लॉक असतात हे खरं. जुगार, पॉर्न आणि उत्तर कोरियाच्या सरकारी साइट ह्या मुख्य. पूर्वी अशी लिंक उघडली की पोलिसांचा शिक्का असलेलं एक निळसर पान यायचं, ही साइट बेकायदेशीर वा घातक आहे वगैरे, निदान कळायचं तरी की सरकारने अडवलंय. फेब्रुवारी 2019 पासून त्यांनी नवीन पद्धत आणली, एचटीटीपीएस असलं तरी कनेक्शन जोडताना साइटचं नाव उघडं जातं ना, ते बघूनच तोडतात, पहिल्या फटक्यात 895 साइट अशा बंद केल्या होत्या. त्यामुळे आता बऱ्याचदा पानबिन काही येत नाही, नुसतं कनेक्शन रीसेट. मी नवशिक्यासारखा राउटर खराब झाला म्हणून इंटरनेटवाल्याला घरी बोलावलं होतं. तो बिचारा स्क्रीनकडे बघून मान खाली घालून उभा राहिला, त्याला वाटलं मी पॉर्न बघत होतो. मी माझ्या मोडक्या कोरियनमध्ये समजावलं की नाही हो, ती उत्तर कोरियाच्या वृत्तसंस्थेची साइट आहे, तर त्याचा चेहरा आणखी पडला. पॉर्न परवडलं असतं!

उत्तर कोरियाचं म्हणाल तर 1948 चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा अजून जिवंत आहे. त्याचं सातवं कलम म्हणजे शत्रूची स्तुती किंवा प्रचार, 7 वर्षांपर्यंत शिक्षा. कलम रद्द करा म्हणून कितीदा लोक कोर्टात गेले, सप्टेंबर 2023 ला घटना न्यायालयाने पुन्हा कायमच ठेवलं. 2012 मध्ये एका तरुण फोटोग्राफरला उत्तरेच्या सरकारी अकाउंटची ट्वीट रीट्वीट केली म्हणून शिक्षा झाली, त्याचं म्हणणं मी टिंगल करत होतो, वरच्या कोर्टात सुटला पण मधली वर्षं गेलीच की. थीसिससाठी, अभ्यासासाठी वाचणाऱ्याच्या मागे कोणी लागत नाही, पण 'किम साहेब ग्रेट' असली विनोदी पोस्ट टाकायची हौस असेल तर ती विमानात बसायच्या आधीच भागवून घ्या.

बिबिम्बाप_पाटील

एवढं काही नाही हो. मी 3 वर्षं बुसानला होतो, एकदाही कोणी काही विचारलं नाही. टीव्हीवर सिगरेट आणि चाकू धूसर करतात हीच काय ती सेन्सॉरशिप बघितली मी. कुकिंग शोमध्ये शेफ धुरकट ढगाने कांदा चिरतोय, मजा यायची. उगाच पोरीला घाबरवू नका.

हान_नदीकाठी

@बिबिम्बाप_पाटील तुम्ही 3 डिसेंबर 2024 ला तिथं नव्हतात वाटतं.

मी सोलला होते. मंगळवार होता, साडेदहाच्या सुमाराला माझी फ्लॅटमेट फोन घेऊन किचनमध्ये आली आणि एकच शब्द म्हणाली, ग्येओम. मला तो शब्द माहितच नव्हता, भाषांतर ॲपवर टाकला तर मार्शल लॉ आलं, मला वाटलं ॲप चुकलं. मग दोघी टीव्हीसमोर. अध्यक्ष युन सक-योल राष्ट्राला उद्देशून बोलून गेले होते आणि तासाभरात मार्शल लॉ कमांडचा पहिला हुकूम आला, सगळं राजकारण बंद, सभा मोर्चे बंद, सगळी प्रसारमाध्यमं कमांडच्या ताब्यात, आणि त्यातच एक वाक्य की संपावर गेलेल्या डॉक्टरांनी 48 तासांत कामावर यायचं. मी ते तीनदा वाचलं. आपण काय ककाओवर (इथलं व्हॉट्सॲपच) मेसेज टाकला तर चालेल का नाही हेसुद्धा कळत नव्हतं, आमच्या लॅबच्या ग्रुपवर एकदम सन्नाटा, मग एकाने लिहिलं सगळे टेलिग्रामवर या.

फ्लॅटमेट ग्वांग्जूची. तिच्या आईचा फोन आला, आई 1980 साली शाळकरी पोरगी होती, मे महिन्यात मार्शल लॉविरुद्ध उतरलेल्या लोकांवर सैन्याने तिच्या गावात गोळ्या झाडल्या ते तिने बघितलंय. ती फोनवर रडत होती की बाहेर पडू नकोस. ही हो हो म्हणत होती आणि खांद्याला फोन लावून बुटाच्या नाड्या बांधत होती. येओइदोला गेली, संसदेसमोर. मी घरी थांबले आणि लाइव्ह बघत बसले, खासदार भिंतीवरून उड्या मारून आत जातायत, सैनिक खिडक्या फोडून घुसतायत. एकच्या सुमाराला 190 हजर होते आणि 190 च्या 190 मतांनी ठराव झाला. 300 च्या संसदेत निम्म्याहून जास्तांनी मागणी केली की अध्यक्षाला मार्शल लॉ उठवावाच लागतो, तसं घटनेत आहे. उठला पहाटे साडेचारला. पुढचं माहितीच असेल, 14 तारखेला महाभियोग, एप्रिल 2025 ला आठही न्यायाधीशांनी मिळून पदावरून काढलं.

मला आजही खटकतं ते हे की इथं बर्फ पडला तर मेसेज येतो, कोणी आजोबा हरवले तर वर्णनासकट मेसेज येतो, आणि त्या रात्री फोनवर एकही सरकारी अलर्ट आला नाही.

आणि @डोंगरवाट, मी घरी का थांबले तेही सांगते, भित्री आहे म्हणून तर आहेच, पण इमिग्रेशन कायद्याच्या 17 व्या कलमात परदेशी माणसाने राजकीय कृती करायची नाही असं स्पष्ट आहे. पुढच्या आठवड्यांत पोरी के-पॉपच्या लाइटस्टिक घेऊन मोर्चाला जात होत्या, लोकं अनोळखी आंदोलकांसाठी कॅफेत आधीच पैसे भरून कॉफी ठेवत होते, इतकं वाटायचं ना जावं. एकदा गेले, फुटपाथवर उभी राहिले, हातात काही धरलं नाही, घोषणा दिल्या नाहीत, कॉफी मात्र प्यायले. व्हिसावर असताना एवढंच.

बिबिम्बाप_पाटील

मान्य, मी 2019 लाच परत आलो. माघार.

डोंगरवाट

@हान_नदीकाठी वाचून काटा आला. सगळ्यांना खूप थँक्स. पण ते अब्रुनुकसानीचं कोणीच नाही सांगितलं. आणि उत्तर कोरियाचं टेन्शन रोज जाणवतं का? आईला काहीतरी सांगावं लागेल.

सुवनकर_जुना

तेच राहिलं होतं, आणि माझ्या मते तुमच्या खोडीला खरा धोका तोच आहे. फौजदारी कायद्याच्या 307 व्या कलमात खरी गोष्ट जाहीर सांगूनसुद्धा अब्रू घालवता येते, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाख वॉन दंड. ऑनलाइन बदनामीच्या हेतूने केलं तर आणखी जास्त, 3 वर्षं. सार्वजनिक हितासाठी होतं हे पटवलं तर सुटका आहे, पण ते पटवायचं तुम्ही, पोलीस स्टेशनच्या खुर्चीत बसून, कोरियनमध्ये. 2021 ला घटना न्यायालयात हे कलम 5 विरुद्ध 4 ने वाचलं, म्हणजे त्यांच्यातही एकमत नाहीच.

माझ्या ओळखीच्या एकाचं डिपॉझिट घरमालकाने दाबलं. ह्याने परदेशी लोकांच्या ग्रुपवर मालकाचं नाव, बिल्डिंगचा फोटो, सगळं टाकलं, एक अक्षर खोटं नव्हतं. मालकाने तक्रार केली. शेवटी तडजोड काय झाली तर ह्याने पोस्ट काढली, लेखी माफी मागितली, मग डिपॉझिट मिळालं, तेही थोडं कापून. म्हणून इथं कोणी वाईट अनुभव लिहिला की बघा, दुकानाचं नाव अर्धं खोडलेलं असतं, आद्याक्षरं असतात. लोक भित्रे नाहीत, कायदा पाठ आहे त्यांना. शिवाय ब्लॉगवर कोणाबद्दल लिहिलं आणि त्याने हरकत घेतली तर पोर्टल ती पोस्ट 30 दिवस झाकून ठेवतं, खरं खोटं मागाहून.

राजकारणावर मराठीत लिहा हो, कोणी वाचत नाही. ऑफिसात, लॅबमध्ये मात्र जपून. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या टीमच्या फोटोत मी सवयीने व्हीची खूण केली तर शेजारचीने हळूच माझा हात खाली केला. मतपत्रिकेवरचा 2 नंबर म्हणजे पुराणमतवादी पक्ष, रंग लाल. 2025 च्या निवडणुकीआधी एका मोठ्या गायिकेने 2 आकडा असलेलं लाल रंगाचं जॅकेट घातलेला फोटो टाकला तर तिला माफी मागावी लागली! ही सेन्सॉरशिप कुठल्या कायद्यात नाही, पण मला तरी निळ्या पानापेक्षा हीच जास्त जाणवते.

उत्तरेचं म्हणाल तर रोज नाही जाणवत. 2024 ला तिकडून कचऱ्याचे फुगे यायचे, फोनवर मेसेज यायचा हात लावू नका, लोक वर बघायचे आणि पुढे चालायला लागायचे. गांगह्वा बेटावरच्या लोकांचे हाल मात्र खरे, सीमेपलीकडून लाउडस्पीकरवर रात्रभर भुताटकीसारखे आवाज, जून 2025 ला दोन्हीकडचे बंद झाले तेव्हा झोपले बिचारे.

हान_नदीकाठी

आईंना 31 मे 2023 ची गोष्ट नका सांगू पण. सकाळी 6:41 ला सोलमधल्या सगळ्यांचे फोन किंचाळले, बाहेर पडायची तयारी करा, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना आधी न्या. का न्यायचं, कुठे न्यायचं, काही नाही. मी पासपोर्ट, लॅपटॉप आणि का कोण जाणे लोणच्याची बरणी पिशवीत टाकली. वीस-बावीस मिनिटांनी दुसरा मेसेज, पहिला चुकून गेला होता. उत्तरेने उपग्रह सोडला होता, तो समुद्रात पडला. खाली उतरले तर शेजारच्या आजी कुत्र्याला फिरवत होत्या, म्हणाल्या एवढ्या सकाळी कुठे निघालीस?

बाकी एक कामाचं. रेसिडेन्स कार्डवर आणि मोबाइलच्या कॉन्ट्रॅक्टवर नाव अगदी अक्षर न अक्षर सारखं करून घ्या, मोकळ्या जागांसकट. आपल्या नावात वडिलांचं नाव मध्ये असतं, एका ठिकाणी जोडलेलं आणि दुसरीकडे सुटं झालं की फोनवरून ओळख पटवणं अडकतं, आणि त्याशिवाय इथं साधी तिकिटंसुद्धा बुक होत नाहीत. मी चार महिने रडलेय त्यापायी.