न्यू जर्सी: गाडी थेट कंपनीकडून घ्यावी की डीलरकडून? सल्ला हवा

पारिजातक:
नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनला राहतो. घरात एकच गाडी, बारा वर्षांची कॅमरी. आता तिच्यावर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही. पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्यायची हे नक्की झालंय, गराजमध्ये 240 व्होल्टची लाइनही ओढून घेतली. टेस्लाची मॉडेल वाय आणि ह्युंदाईची आयॉनिक 5, दोन्ही चालवून पाहिल्या, दोन्ही आवडल्या. अडलंय ते विकत कुणाकडून घ्यायची यावर. टेस्लाचा व्यवहार थेट कंपनीशी, ह्युंदाईसाठी डीलरकडे जावं लागणार.

डीलर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कॅमरी घ्यायला दुपारी दोनला गेलो आणि रात्री नऊला बाहेर पडलो. फोनवर सांगितलेली किंमत तिथे गेल्यावर बदलली. मग टायरमध्ये नायट्रोजन, काचांवर नंबर कोरणं, रंगावर संरक्षक थर, असं एकेक कागदावर वाढत गेलं. कडेवर तान्हं बाळ होतं, शेवटी थकून सह्या केल्या. ते पुन्हा नको. नवऱ्याचं म्हणणं, घासाघीस केली तर डीलरकडेच स्वस्त पडेल. ज्यांनी दोन्ही प्रकारे गाड्या घेतल्यात त्यांनी कृपया सांगा.

वाटाड्या:
पारिजातक, मी न्यू जर्सीत एकोणीस वर्षं आहे, दोन्ही प्रकारे गाड्या घेतल्या आहेत. तुमचा तो दिवस ऐकून वाईट वाटलं, पण तसं व्हायलाच हवं असं नाही. किंमत ठरेपर्यंत डीलरच्या दारात पाऊलच टाकू नका.

साठ मैलांच्या आतल्या सगळ्या ह्युंदाई डीलरना एकच ईमेल पाठवा. मॉडेल, ट्रिम (त्याच मॉडेलची कमी-जास्त सोयींची आवृत्ती), रंग लिहा आणि फक्त 'आउट-द-डोअर' किंमत मागा, म्हणजे टॅक्स, रजिस्ट्रेशन, डॉक्युमेंट फी (डीलर कागदपत्रांसाठी घेतो ती), सगळं धरून गाडी दाराबाहेर पडताना किती पैसे द्यायचे तो आकडा. मासिक हप्त्याची चर्चा अजिबात करू नका, कारण हप्ता कमी दाखवून मुदत वाढवता येते. जे 'या, बसून बोलू' म्हणतील त्यांना सोडून द्या. जे आकडा लिहून देतील त्यांच्यातला सर्वात कमी आकडा बाकीच्यांना पाठवा. गेल्या वर्षी बहिणीच्या गाडीसाठी हेच केलं, पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात 2,100 डॉलरचा फरक पडला.

डॉक्युमेंट फीकडे लक्ष ठेवा. कॅलिफोर्नियात तिला 85 डॉलरची मर्यादा आहे, आपल्याकडे मर्यादाच नाही. कर्ज आधी क्रेडिट युनियनकडून (सभासदांची सहकारी पतपेढी) मंजूर करून ठेवा. बँक डीलरला एक व्याजदर देते, डीलर त्यावर आपला भाग चढवून तुम्हाला सांगतो. हातात दुसरा दर असला की तो भाग गळून पडतो.

दोन खर्च मात्र कुणाकडूनही घ्या, चुकत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीवरची सेल्स टॅक्सची सूट जुलै 2025 पासून पूर्ण संपली, आता सरळ 6.625 टक्के. शिवाय राज्याची इलेक्ट्रिक गाड्यांची वेगळी फी, जुलै 2024 मध्ये वर्षाला 250 डॉलरने सुरू झालेली, 2028 पर्यंत दरवर्षी 10 ने वाढणारी. नव्या गाडीला ती चार वर्षांची एकदम भरावी लागते, म्हणजे हजाराच्या वर. तुलना करताना दोन्हीकडे धरा.

आणि कॅमरी. ट्रेड-इन दिली, म्हणजे नवी घेताना त्याच विक्रेत्याला देऊन टाकली, तर तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच टॅक्स लागतो. 6,000 मिळाले तर जवळपास 400 डॉलर टॅक्स वाचतो. बाहेर विकायची तर किमान तेवढे जास्त मिळायला हवेत.

पारिजातक:
बापरे, हप्त्याचं तुम्ही म्हणताय ते अगदी तसंच झालं होतं आमचं! थेट कंपनीकडे मग ठरलेली किंमत, एवढाच फायदा का?

मिशिगनकर:
'ठरलेली' म्हणजे सगळ्यांना एकच. स्थिर नव्हे. जानेवारी 2023 मध्ये टेस्लाने मॉडेल वाय लाँग रेंजची किंमत 65,990 वरून 52,990 वर आणली. त्याआधी पूर्ण किमतीत घेतलेल्यांना 13,000 डॉलर जास्त मोजावे लागले, आणि तिथे घासाघीस करायला समोर कुणी नसतं.

तरी मला स्वतःला थेट विक्री पटते. आमच्याकडे 2014 मध्ये कायदा कडक करून थेट विक्रीची वाट बंद केली. राज्य सरकारशी झालेल्या 2020 च्या समझोत्यानंतर टेस्लाला राज्यात गाडी पोचवता आणि दुरुस्त करता येऊ लागली, पण टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) आधी दुसऱ्या राज्यात करून मग इकडे आणायचं. तुमच्याकडेही 2014 मध्ये बंदी आली होती. 2015 च्या कायद्याने टेस्लाला चार दुकानांची परवानगी मिळाली.

डीलरना शिव्या देण्याआधी हे कायदे कुठून आले तेही बघायला हवं. 1920-21 च्या मंदीत फोर्डने न खपलेल्या गाड्या डीलरांच्या गळ्यात मारल्या, रोख पैसे मागितले. लोकांनी गावातल्या बँकांतून कर्ज काढून ते भरले, कारण नाही म्हटलं तर एजन्सी जायची. तिथून राज्यांचे कायदे आणि 1956 चा केंद्रीय कायदा आला. लहान माणसाला मोठ्या कंपनीपासून वाचवायला केलेली ही तरतूद होती. आज डीलरांचेच मोठे समूह झालेत आणि गिऱ्हाइकाची निवड अडते, म्हणून ती बदलावी असं माझं मत.

ऑस्टिनवासी:
टेक्सासात तर गंमतच आहे. गाडी ऑस्टिनच्या कारखान्यात बनते, पण इथल्या कायद्यानुसार टेस्लाला स्वतःचं विक्रीचं दुकान काढता येत नाही. दालनात गाडी बघायची, ऑर्डर ऑनलाइन.

पण ताई, मी वेगळंच सांगेन. किमतीचा विचार महिनाभर चालतो, सर्व्हिसचा दहा वर्षं. माझी गाडी थेट विकणाऱ्या एका कंपनीची आहे, नाव घेत नाही. मागून धक्का बसला, बंपर आणि एक सेन्सर गेला. भाग यायला सहा आठवडे लागले. बोलायचं कुणाशी, तर ॲपमधल्या मेसेजशी. समोर जाऊन 'साहेब, मुलांना शाळेत सोडायचंय, काहीतरी करा' म्हणावं असा माणूसच नव्हता. आधीच्या गाडीच्या वेळी डीलरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने दोन दिवसांसाठी स्वतःहून गाडी दिली होती. शिवाय एका डीलरशी पटलं नाही तरी वॉरंटीचं काम त्याच ब्रँडच्या दुसऱ्या डीलरकडे होतं. ही सोय लहान नाही. घरात एकच गाडी असेल तर फारच मोठी.

वाटाड्या:
ऑस्टिनवासींशी सहमत, पण एक बाजू राहिली. किरकोळ कामाला टेस्लाचा माणूस घरी येऊन करून जातो, ते डीलरकडे क्वचित. पारिजातक, ऑर्डर देण्याआधी दोन्ही ठिकाणी विचारा: आज अपॉइंटमेंट मागितली तर कधीची मिळेल? आणि आयॉनिकसाठी हेही विचारा की तुमच्याकडे इलेक्ट्रिकवर काम करणारे मेकॅनिक किती. सगळ्या डीलरकडे सारखे नसतात.

चाकणकर:
पुण्याहून वाचतोय. आमच्याकडे मर्सिडीजने ऑक्टोबर 2021 पासून मधला मार्ग काढलाय. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर एकच किंमत. डीलर राहिला, पण गाडी दाखवणं, ताब्यात देणं आणि सर्व्हिस एवढ्यासाठी, त्याला कमिशन मिळतं. मोठ्या भावाने तशी घेतली. दोन शहरांत फिरून भाव काढण्याचा ताप वाचला, सवलतही गेली. अमेरिकेत असं काही आहे का?

मिशिगनकर:
ह्युंदाई डिसेंबर 2024 पासून ॲमेझॉनवर मिळते, पण विकणारा डीलरच. किंमत मात्र आधीच पडद्यावर दिसते. पारिजातक, तुमच्या भागात कुणी आहे का बघा, ईमेलच्या लढाईत तोही आकडा कामी येईल.

पारिजातक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नऊ डीलरना ईमेल पाठवले. पाच जणांची उत्तरं आली, तिघांनी 'या, बसून बोलू' लिहिलं, दोघांनी आकडा दिला. त्यातल्या एकाच्या आकड्यात 899 डॉलरचं 'प्रोटेक्शन पॅकेज' आहे, काढा म्हणून लिहिलंय. सर्व्हिसची अपॉइंटमेंटही दोन्हीकडे विचारली: टेस्लाच्या ॲपवर अकरा दिवसांनंतरची, आकडा देणाऱ्या दुसऱ्या डीलरकडे परवाची, आणि तिथे इलेक्ट्रिकचे दोन मेकॅनिक आहेत. नवऱ्याचा कल तिकडे झुकलाय, माझाही थोडा. क्रेडिट युनियनचं पत्र सोमवारी मिळेल, त्याआधी सही करणार नाही.

वाटाड्या, कॅमरीचा भाव त्यांना आत्ताच विचारू की नव्या गाडीचा आकडा पक्का झाल्यावर?

वाटाड्या:
पक्का झाल्यावर. नव्या गाडीचा आकडा लेखी हातात येईपर्यंत घरी जुनी गाडी आहे हेही बोलू नका.