मदत हवी आहे: ओ-यू-जी-एच वाले इंग्लिश शब्द पोरीच्या डोक्यात कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी, मी नाशिक, सिडकोतून. मुलगी सातवीला, सेमी इंग्लिश. शेवटी ओ-यू-जी-एच येणारे शब्द आले की गाडी अडते. टफ म्हणजे कठीण, कॉफ म्हणजे खोकला, इथवर ठीक, पण बाउ म्हणजे झाडाची फांदी, तिथे एफचा आवाजच नाही, ती बफ वाचते, आणि चूक तरी कोणाची म्हणायची!

खरा घोळ दो (जरी), थ्रू (मधून), थरो (सखोल) या तिघांचा, अक्षरं जवळपास तीच. परवा वाक्य लिहिलं, 'ट्रेन दो द टनेल', म्हणजे कसारा घाटातली गाडी बोगद्यातून न जाता 'जरी' गेली 😅

दहा-दहा वेळा लिहून झालं, जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली, व्हिडिओ पाहिले तर एक थरो म्हणतो दुसरा थरा, अमेरिकन-ब्रिटिश फरक आहे म्हणे, ती अजूनच गोंधळली. क्लास लावायचा नाहीये, संध्याकाळचा अर्धा तासच मिळतो, माझं स्वतःचं शिक्षण मराठी मीडियमचं. अर्थ तिला पाठ आहेत, अडतंय ते स्पेलिंग आणि उच्चार जुळवण्यात.

तर उच्चाराप्रमाणे गट पाडून शिकवू की एकेक शब्द वाक्यात घालून? आणि दो, थ्रू, थरो लिहिताना कुठे आर, कुठे जास्तीचा ओ, हे लक्षात ठेवायची तुमच्या पोरांना चाललेली एखादी युक्ती आहे का?