फ्रान्सिस केरे: चरित्रातून कामाकडे कसं जाऊ?

पागोळी:
आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी वास्तुविशारद डिएबेदो फ्रान्सिस केरे घेतलेत. बुर्किना फासोतलं गांदो गाव, १९६५चा जन्म, बर्लिनमधलं शिक्षण, २०२२चं प्रित्झ्कर (वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार), एवढं जमलं. पण जे वाचावं त्यात 'गरिबीतून वर आलेला मुलगा' एवढंच. कामाबद्दल बोलायला सुरुवात कुठून करू?

गिलावा:
केरेंनी बांधलेल्या गांदोच्या प्राथमिक शाळेचा सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढायला घे. २००१ची इमारत, तीन वर्ग, मधेमधे सावलीच्या मोकळ्या जागा.

केरे १९८५ साली जर्मनीला गेले ते सुतारकाम शिकायला. लोक हे एका ओळीत उरकतात, मला मात्र पुढचं सगळं तिथूनच आलेलं दिसतं. वर्गावर मातीच्या विटांचं फटी ठेवलेलं सीलिंग, त्याच्या बरंच वर बारीक सळयांचे ट्रस (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि त्यावर पत्रा. पत्रा तापतो, पण मधून वारा वाहतो आणि वर्गातली गरम हवा फटींतून वर निघून जाते. पत्रा भिंतींच्या बाहेर लांब काढलाय, म्हणून मातीला पावसाचा मार बसत नाही. आता सळयाच का? क्रेन नव्हती. गावातल्या माणसांना हातकरवत आणि लहान वेल्डिंग मशीन चालवायला शिकवलं की ट्रस जागेवरच तयार होतात. बांधणार कोण, हा विचार पहिल्या रेघेपासून आहे. याच्यासाठी मी त्यांना फार मानतो.

तारखाही नीट लाव. शाळा उभी राहिली तेव्हा ते बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकतच होते. पदवी २००४ची, आणि त्याच वर्षी शाळेला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार.

ओळंबा:
एक भर. विटा निव्वळ मातीच्या नाहीत, सिमेंट मिसळून दाबून केलेल्या आहेत. गावकऱ्यांना आधी माती नकोच होती, कारण मातीची घरं पावसात खचतात हे त्यांनी पाहिलेलं. हे सेमिनारमध्ये जरूर सांगा, नाहीतर सगळं 'पारंपरिक' म्हणून खपतं.

पागोळी:
धन्यवाद दोघांनाही! पुढचं कुठलं काम घेऊ? त्यांनी डिझाइन केलेली बेनिनची संसद?

गिलावा:
त्याआधी बुर्किना फासोतल्याच कुदुगूचं लिसे शोर्ज, म्हणजे माध्यमिक शाळा, २०१६. भिंती जांभ्या दगडाच्या, बाहेरून निलगिरीच्या लाकडाचे पडदे, हवा खेचून घेणारे मनोरे. बाकं करताना छपरातलं उरलेलं पोलादही वापरलंय. हा आणि गांदोचा सेक्शन एकाच स्केलला शेजारी शेजारी लाव, पंधरा वर्षांत छपराचं काय झालं ते दिसेल.