थांबा द्यायला काय नुसता ब्रेक लागतो?

चाबीवाला
भिवापुरी मिरचीची कालची पोस्ट: "नागपूर-नागभीड लाइन मोठी होऊन राहिली, तर मधली बंद पडलेली लहान स्टेशनं उघडा. रूळ आहेत, गाडी जाणारच, मिनिटभर थांबली तर रेल्वेच्या बापाचं काय जाते?"

काय जाते ते ऐका. नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली ती लाइन, दोन रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर. आता १६७६ची. छोट्या गाडीला फलाट म्हणजे रुळाबरोबरीनं पसरलेला मुरूम, तरी चालायचं. मोठ्या डब्याची फरशी रुळापासून सव्वा मीटर वर. डोक्यावर टोपलं घेऊन मुरमावरून चढून दाखवा. म्हणजे फलाट नवाच बांधणं आलं. आठ डब्यांच्या मेमूला (विजेवरच्या लोकल गाडीला) १८० मीटर लांब, ७६० ते ८४० मिलिमीटर उंच, आणि कड रुळांच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिलिमीटरवर. खेळ दहा मिलिमीटरचा. टॅम्पिंगच्या वेळी, म्हणजे रुळाखालची गिट्टी ठोकताना, रूळ थोडा सरकला की एकतर डबा घासते नाहीतर फटीत पाय जाते. वळणावर तर बाहेरचा रूळ उचललेला, डबा कललेला, तिथं फट आणखी वाढते.

भिवापुरी मिरची
मिलिमीटर मोजता मोजता गाव तुटलं तरी चालते तुम्हाला! बाप्पा, जंक्शन कोण मागून राहिलं? 'डी' वर्गाचा हॉल्ट मागतो आहे. सिग्नल नाही, मास्तर नाही, रूळ बदलायचे सांधे नाहीत. वेळापत्रकात नाव असलं की ड्रायव्हर थांबते, गार्डानं इशारा दिला की निघते. तिकिटं कमिशनवरचा एजंट विकते. फलाट, शेड, चार दिवे, एक बोअर. संपलं.

चाबीवाला
कर्मचारी नसले तरी सेक्शन अडतेच ना. एकेरी लाइनीवर दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. मिनिटभराचा थांबा म्हणजे ब्रेक लावण्यापासून परत वेग धरेपर्यंत दोन-सव्वादोन मिनिटं गेली. असे पाच हॉल्ट करा, मागं उमरेडची कोळशाची मालगाडी अकरा मिनिटं उभी. विजेचं तर बोलूच नका.

हिशेबनीस
बोलू या की. आठ डब्यांची भरलेली मेमू साडेतीनशे टन धरा, वेग १००. अर्धं गुणिले वजन गुणिले वेगाचा वर्ग. साधारण ३८ युनिट. युनिट सात रुपयांनी धरलं तर एका थांब्याची वीज २६६ रुपये, आणि थ्री-फेज मेमू ब्रेक लावताना त्यातली थोडी तारेत परतही पाठवते. कमीत कमी तिकीट १० रुपये (कोविडपासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत ३० घेत होते, ते विसरलो नाही). म्हणजे २७ जण चढले की विजेचा खर्च निघाला. बावीस डब्यांच्या एक्सप्रेसचा थांबा मात्र मागू नका, तिथं दीडशे युनिट जातात.

चाबीवाला
२७ जण प्रत्येक फेरीला! दुपारच्या गाडीत कोण चढते, कुत्रं? बाया एसटीनं अर्ध्या तिकिटात जातात, फाट्यावरच बसतात. ठीक आहे, सकाळ-संध्याकाळच्या एका जोडीपुरता थांबा मागा, माझं तोंड बंद. बाकीच्या गाड्यांना नाही.

भिवापुरी मिरची
उपकार झाले! आता आकड्यांची गंमत ऐका. उत्पन्न मोजतात ते तिकीट जिथून निघालं त्या स्टेशनाचं. इतवारीहून काढलेलं परतीचं तिकीट इतवारीच्या खात्यात. पास पुढच्या मोठ्या स्टेशनावर काढला, तर तो त्यांचा. सहा महिन्यांचा प्रायोगिक थांबा मिळते आणि गावाच्या नावावर भोपळा दिसते, मग थांबा काढून घेतात. म्हणून पहिल्या दिवसापासून तिकीट एजंटाकडूनच काढायचं, नाहीतर मोबाइलवर 'कुठून' मध्ये आपलंच हॉल्ट निवडायचं. आणि निवेदन देणाऱ्यांनो, नागपुरात डीआरएम (रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक) दोन आहेत. ही लाइन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची. मध्य रेल्वेच्या साहेबासोबत फोटो काढून काही होत नाही.

कुटार
स्टेशन उघडाल, पण तिथवर जाल कसे? फाटक बंद करून खाली बोगदा केला असंल ना? जुलैत त्यात कमरेएवढं पाणी.

चाबीवाला
विषय स्टेशनाचा आहे.

कुटार
हाच विषय आहे राजा. बोगद्याची फरशी शेतापेक्षा खाली, काळी माती पाणी पीत नाही, नाला अर्धा किलोमीटर दूर आणि त्याचा तळ बोगद्याच्या बरोबरीनं. पाणी जाईल कुठं? मग मोटर बसवतात. पावसात लाइन जाते नेमकी तेव्हाच मोटर पाहिजे असते. लाइन आली तर मोटरीच्या पाइपाच्या तोंडाशी, फूट व्हॉल्व्हमध्ये, सोयाबीनचं कुटार (भुसा) अडकलेलं. मोटर हवा ओढते, सील जळते. दुरुस्ती रेल्वेनं करायची की ग्रामपंचायतीनं, यात पोळा निघून जाते.

हिशेबनीस
उतरणीच्या तोंडाशी वीतभर उंचवटा, दोन्ही बाजूंनी नाली, आणि उतरणीवर पत्र्याचं छप्पर. शेतातलं आणि आभाळातलं पाणी आत येऊच द्यायचं नाही. निम्मी मोटर तिथंच वाचते.

भिवापुरी मिरची
आणि कापसानं भरलेली गाडी? बोगद्यापुढं उंच गाड्या अडवायला लावलेल्या आडव्या पाइपाला बोंडं लोंबकळून राहतात.

चाबीवाला
मग फाटक उघडं ठेवून माणसं मारायची काय? काहीही मागता!

भिवापुरी मिरची
कोणी म्हटलं फाटक उघडा? वाचता येते ना? बोगदा उंच करा म्हटलं.

चाबीवाला
उंच म्हणजे एकतर आणखी खोल खणा, म्हणजे पाणी अजून वाढलं. नाहीतर रूळ उचला, म्हणजे दोन्हीकडं लांबवर भराव, आणि तुमचा हॉल्ट चढावर. स्टेशनाला ४०० ला १ हून जास्त चढ खास मंजुरीशिवाय चालत नाही. घ्या, फिरून आलो फलाटावर.

कुटार
मोटरीच्या तोंडाला दुहेरी जाळी आणि बाहेर विटांची कुंडी. कुटार कुंडीत बसते, आठवड्याला एक टोपलं काढायचं. हे तरी कोणत्या डीआरएमला विचारावं लागते का?