मदत हवी आहे: पन्हाळा ते पांढरपाणी, एकटीने, एका दिवसात

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला पन्हाळा ते पावनखिंड ही वाट एकटीने, एकाच दिवसात चालायची आहे. खिंड बघून पांढरपाण्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी मलकापूरमार्गे घरी. इथं या पट्ट्यातले, शाहूवाडीकडचे आणि हिवाळ्यात ही वाट चाललेले लोक असतील, त्यांच्याकडून नेमकी माहिती हवी आहे.

जुलैच्या मोहिमेतून ही वाट मी केली आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती वाट त्याच दिवसांत, त्याच पावसात चालण्याला काही तोड नाही, आणि दरवर्षी हजारो पोरं चालतात त्याचा मला अभिमान आहे. पण त्या गर्दीत, धुक्यात आणि चिखलात पुढच्याच्या टाचांवरच नजर ठेवावी लागते. मुलूख दिसत नाही. उजव्या हाताला कुठली डोंगररांग आहे, कासारीचं खोरं कुठं सुरू होतं, एक वाडी सोडून दुसरी कशी येते हे मला एकदा स्वच्छ उजेडात, माझ्या चालीनं बघायचं आहे. म्हणून हिवाळा आणि म्हणून एकटी.

आता हिशेब. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास धरते. कुणी कमी सांगतं, कुणी जास्त. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ठोकताळा दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यानं बघितलं तरी नुसत्या सपाट चालीचेच दहा तास होतात. त्यात म्हाळुंग्याहून मसाई पठाराचा चढ, पुढं प्रत्येक वाडीमागं एक ओढा उतरायचा आणि पुन्हा चढायचं, शिवाय खाणं, पाणी, वाट विचारणं. मी चौदा तास धरलेत. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. म्हणजे अकरा तासांचा उजेड. तीन तास अंधारातच चालावे लागणार, आणि ते सुरुवातीलाच चालायचे असं मी ठरवलं आहे. आदल्या रात्री पन्हाळ्यावर मुक्काम, पहाटे चारला राजदिंडीतून, म्हणजे गडाच्या छोट्या दरवाजातून, खाली. तुरुकवाडी, म्हाळुंगे आणि वरचा मसाईचा सडा हा भाग माझ्या पायाखालचा आहे. अंधार तिथं परवडेल. म्हासवड्याच्या पुढच्या रानात नाही परवडणार.

करपेवाडी साधारण निम्म्यावर येते. मोहिमांचा मुक्कामही बहुतेक त्याच बाजूला पडतो. सकाळी साडेअकरापर्यंत तिथं पोचले नाही तर पुढं जायचं नाही, हे घरी सांगून ठेवलं आहे. पाय कितीही चांगले चालत असले तरी नाही.

यातली माझी खरी अडचण पुढं सांगते.

युरोपात आल्प्समध्ये किंवा न्यूझीलंडमध्ये लोक एका हटमधून (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरातून) दुसऱ्या हटपर्यंत दिवसभर एकटे चालतात, त्याबद्दल मी बरंच वाचलं. आधी वाटायचं, हट म्हणजे डोक्यावर छप्पर आणि गरम जेवण. वाचत गेले तसं कळलं, एकट्या माणसाला त्याहून मोठा आधार दुसराच असतो. आल्प्समधल्या हटवर राखणदार असतो, त्याला आधी कळवावं लागतं. न्यूझीलंडच्या हटमध्ये वही असते. त्यात नाव, तारीख आणि पुढं कुठं जाणार ते लिहायचं. म्हणजे माणूस हरवलाच, तर शेवटचा कुठं होता आणि कुठल्या दिशेला गेला हे शोधणाऱ्यांना समजतं. आपल्या सह्याद्रीत हट नाहीत, पण या वाटेवर वाड्या आहेत: कुंभारवाडी, खोतवाडी, मंडलाईवाडी, करपेवाडी, आंबर्डे, कळकेवाडी, पाटेवाडी, मग धनगरवाडा. एवढी माणसं वाटेवर असताना "ती आली का" एवढं बघणारं कुणी मला जोडता येईल का?

म्हणजे असं: करपेवाडी आणि पाटेवाडी या दोन ठिकाणी एकेक घर आधी जाऊन ठरवायचं. तिथं चहा-भाकरीची सोय त्यांनी करायची, त्याचे योग्य ते पैसे मी देणार. पोचल्यावर मी दिसले पाहिजे. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत दिसले नाही तर त्यांनी माझ्या भावाला फोन करायचा. मोहिमांच्या निमित्तानं जेवण-मुक्कामाची सोय करणारी घरं तिकडं आहेतच. अशा घरांशी कुणाची ओळख असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. नंबर कृपया इथं उघड्यावर टाकू नका. मोबाइलची रेंज नक्की कुठल्या वाडीत मिळते हेही सांगा, कारण हे सगळं त्यावरच अवलंबून आहे.

बाकीचे प्रश्न:

पाणी. जुलैत दर शंभर पावलांवर ओढा असतो. डिसेंबरअखेर त्यातले किती वाहते असतात? तीन लिटर घेऊन निघणार आहे, पण मसाईवरून उतरल्यावर भरवशाचा पहिला पाणवठा कुठला?

ढोरवाटा. पावसाळ्यात माणसांच्या पायांनी मळलेली वाट हिवाळ्यात वाळक्या गवतात राहते का, की गुरांच्या वाटा जास्त ठळक होतात? ऑफलाइन नकाशा आणि जादा बॅटरी घेणार आहे. तरी फसगत होणाऱ्या दोन-तीन जागा जाणत्यांनी सांगितल्या तर फार उपकार होतील.

अर्ध्यातून बाहेर पडायचं झालं तर आंबर्ड्याच्या पुढून खाली बाजारभोगावच्या अंगाला उतरावं की उत्तरेला मलकापूर रस्त्याकडं? दुपारनंतर वाहन कुठं मिळेल?

गवे. या बाजूला आहेत हे माहीत आहे. कळपापासून लांब राहायचं, एकटा नर दिसला तर थांबून त्याला वाट द्यायची, हे मी पाळते. पांढरपाण्याच्या अलीकडं संध्याकाळी ते नेहमी कुठं उतरतात, हे विचारायचं आहे.

परवानगी. मसाई पठार आणि विशाळगड हे दोन्ही आता संवर्धन राखीव क्षेत्रात आहेत. नुसतं चालत जाणाऱ्याला वनखात्याकडं नोंद करावी लागते का?

भर (प्रतिसाद वाचून):

"एकटी कशाला, आम्ही येतो" म्हणणाऱ्या सगळ्यांचे आभार. मनापासून. पण यावेळी नको.

"दोन दिवसांत कर" हा सल्ला मी बाजूला टाकलेला नाही. करपेवाडीचं घर ठरलं तर तिथं मुक्कामाचंही विचारून ठेवणार आहे, म्हणजे साडेअकराचा नियम मोडायचा मोह होणार नाही.

एका ताईंनी सुचवलं की आधी करपेवाडी ते पांढरपाणी एवढाच टप्पा कुणाला तरी सोबत घेऊन उजेडात करावा, आणि तेव्हाच घरं ठरवावीत. हे मला पटलं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कुठल्याही रविवारी चालेल. पाटेवाडी किंवा त्या बाजूचं कुणी वाट दाखवायला येणार असेल तर कळवा. दिवसाची मजुरी, जेवण आणि जाण्यायेण्याचा खर्च माझ्याकडं. आई त्या दिवशी गाडीनं पांढरपाण्यापर्यंत येणार आहे. जिथं मी मुक्काम करणार ते घर तिला स्वतः बघायचं आहे.